कुठल्या भाषेत सांगितलंत?

मला राग लवकर येतो. घरात त्याबद्दल बोलणी खावी लागतात, पण सेफ्टी ऑफिसरच्या नोकरीत हा दुर्गुण खपून जातो, कारण ओरडणं हेच तिथलं अर्धं काम. सौदीतल्या जुबैलच्या ज्या प्लांटवर आमच्या कंपनीचं कंत्राट होतं, तिथे त्या वर्षी मोठा शटडाऊन होता. शटडाऊन म्हणजे प्लांट बंद करायचा, एरवी वायूने नाहीतर तेलाने भरलेली उंच लोखंडी भांडी रिकामी करून उघडायची, त्यांत माणसं उतरवून दुरुस्ती करायची आणि ठरल्या तारखेला सगळं पुन्हा सुरू करायचं. या भांड्यांना आम्ही व्हेसल म्हणतो. आत शिरायला एक गोल भोक असतं, मॅनहोल, आणि त्याच्या तोंडाशी राखणीला एक माणूस बसवलेला असतो. आत कोण गेलं आणि बाहेर कोण आलं, एवढंच त्याने पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं.

त्या शटडाऊनला आमच्याकडे रत्नागिरीकडचे एक चाचा फिटर होते. नात्याने माझे कोणी नव्हेत. मी रायगडच्या किनाऱ्यावरचा, ते खाली एका खाडीच्या तोंडावरच्या गावचे. पण सौदीत कोकणातला मुसलमान दुसऱ्या कोकणातल्या मुसलमानाला पहिल्या भेटीतच नात्यात ओढून घेतो, तसं आमचं झालं होतं. त्यांची हयात इथेच गेली होती. आधी जहाजावर, मग जेद्दाला, मग जुबैलला. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपायला थोडेच महिने उरले होते आणि तो पुन्हा वाढवायचा नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "सगल्यांना सलाम करून, ताठ मानेनं घरी पोचाचा," असं ते म्हणायचे. बाकी त्यांना जगाकडून काही नको होतं.

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे मला कोणी शिकवायला नको. माझी आई या बाबतीत कडक होती. पण चाचांचं प्रकरण त्याच्या पुढचं होतं. त्यांच्या घरातली माणसं पिढ्यान्पिढ्या होडीवर, नंतर जहाजावर. त्या घरात 'जातो' हा शब्द शिवीपेक्षा वाईट. एका शुक्रवारी कॅम्पवर त्यांच्या खोलीत मटण हाणून मी चपला घालता घालता बोलून गेलो, "चला चाचा, जातो मी."

"काय बोललास?"

"उशीर झाला, जातो."

त्यांनी उठून दाराला कडी घातली. "बस खाली. पानी पी." मी बसलो. पाणी प्यायलो. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. "आता नीट बोल."

"येतो."

"ये," असं म्हणून त्यांनी कडी काढली. मी जिना उतरताना मनातल्या मनात त्यांना दोन शब्द सुनावले. एवढं मोठं झालं तरी माणसाने इतकं हटवादी असू नये, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं.

प्लांटच्या मालकांनी शटडाऊनपुरता एक सेफ्टी सल्लागार आणला होता. तो ग्रीक. साठीला टेकलेला, भुवया झुबकेदार, सकाळी सकाळी चिकट काळी कॉफी करून पिणारा. मला तो आवडायचा, कारण तो माझ्याइतकाच चिडका होता. त्याच्या केबिनमध्ये बसलेलो असताना एकदा माझा फोन वाजला. मी बायकोशी मराठीत बोललो, मधेच दारात आलेल्या फोरमनला हिंदीत झापलं, गेटवरच्या पहारेकऱ्याला रेडिओवरून मोडक्यातोडक्या अरबीत उत्तर दिलं आणि ग्रीकाकडे वळून इंग्रजीत माफी मागितली. तो हसायला लागला.

"आमच्या जुन्या भाषेत यातल्या एकेकासाठी एक अख्खा शब्द आहे," तो म्हणाला. "एलिनिस्ती, म्हणजे ग्रीकमध्ये. रोमाइस्ती, म्हणजे लॅटिनमध्ये."

"आमचं नुसता 'त' लावून भागतं," मी म्हणालो. "मराठीत. हिंदीत."

"पण तुम्ही तो नेहमी लावता का?"

मला प्रश्न कळला नाही. मग त्याने शाळेतल्या मास्तरासारखं समजावलं. एके काळी ग्रीकांवर रोमचं राज्य होतं. सैन्यात हुकूम सुटायचे ते राज्यकर्त्यांच्या भाषेत, लॅटिनमध्ये. पुढे ग्रीक लोकांनी त्याचा इतिहास लिहिला, ग्रीकांसाठी. "तेव्हा सेनापती अमुक म्हणाला, एवढं लिहून पुरत नाही. तो रोमाइस्ती म्हणाला असं लिहिलं, की वाचणाऱ्याला कळतं. समोर उभे होते त्यातल्या कितीजणांना काही समजलंच नसेल, हे त्या एका शब्दात येतं."

तो हे फार अभिमानाने सांगत होता. जणू तो शब्द त्याच्या आजोबांनीच घडवला होता. मी कॉफीचा गाळ कपात तसाच ठेवून उठलो आणि तो शब्द माझ्या डोक्यात राहिला.

शटडाऊनच्या दुसऱ्या आठवड्यात एक नवा नियम आला. तोपर्यंत व्हेसलमध्ये कोणी शिरलं की मॅनहोलवरचा राखणदार कंट्रोल रूमला रेडिओवरून कळवायचा. आता ज्याला आत जायचं त्याने स्वतः रेडिओ हातात घ्यायचा आणि आपल्या तोंडाने 'गोइंग इन' म्हणायचं. कंट्रोल रूममधला ऑपरेटर ते ऐकून तिथल्या पांढऱ्या बोर्डावर आतल्या माणसांचा आकडा लिहिणार. नियम चांगला होता. माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय आकडा नाही, म्हणजे खोटेपणाला जागा नाही. सकाळच्या सभेत ग्रीकाने स्वतः उभं राहून तो सांगितला, कारणांसकट, हातवारे करून, सुरेख इंग्रजीत. एरवी त्याचं बोलणं झालं की मी तेच हिंदीत सांगायचो आणि मग आमच्या कोकणातल्या माणसांना बाजूला घेऊन घरच्या बोलीत. त्या दिवशी मला दुसऱ्या टोकाला गॅसची तपासणी बघायला पाठवलेलं होतं. फोरमनने विचारलं म्हणे, की हिंदीत कोण सांगणार? त्यावर आमचे मॅनेजर म्हणाले, "सबको समझता है. टाइम वेस्ट मत करो. यल्ला."

आणि सगळे कामाला लागले.

दुपारच्या आधी शेजारच्या युनिटमध्ये गॅसचा भोंगा वाजला. भोंगा वाजला की हातातलं टाकून जमायच्या जागी यायचं. माणसं पळत आली. प्रत्येक टोळीचा फोरमन डोकी मोजू लागला. मी मोजणी गोळा करत होतो. आमचा एक माणूस कमी भरला. फोरमनने पुन्हा मोजलं, मीही मोजलं. चाचा नव्हते.

ग्रीकाने रेडिओवरून कंट्रोल रूमला विचारलं, व्हेसलमध्ये कितीजण आहेत? उत्तर आलं, शून्य. पुन्हा विचारलं. शून्य. मॅनहोलवरच्या राखणदाराला पुढे बोलावलं. तो घामाने चिंब झालेला पोरगेला माणूस. तो शपथेवर सांगू लागला, की पहिल्या राखणदाराकडून मी जागा घेतली तेव्हा रेडिओवर विचारून घेतलं, शून्यच सांगितलं. निघताना आत वाकूनही बघितलं, उजेड दिसला नाही.

"टॉयलेट में होगा," मॅनेजर म्हणाले. "नहीं तो मस्जिद में." बचाव पथकाची माणसं तिकडे निघाली.

मला चाचांच्या दाराची ती कडी आठवली. तो माणूस त्या काळ्या भोकाच्या तोंडाशी उभा राहून स्वतःच्या तोंडाने 'मी जातो' म्हणेल? इंग्रजीत असो नाहीतर फारसीत असो, मेला तरी म्हणणार नाही. नेहमीसारखा राखणदाराला हात दाखवून शिरला असेल. आणि कळवायचं काम आता राखणदाराचं नव्हतं, त्यात नेमका राखणदार बदलत होता.

"ते आत आहेत," मी ग्रीकाला म्हणालो.

"कंट्रोल रूम शून्य म्हणतेय."

"कंट्रोल रूमला ऐकू आलं नाही, एवढंच. ते बोललेच नसणार."

"का?"

"आता सांगत बसू?" मी ओरडलो. मालकांच्या सल्लागारावर ओरडलो. मॅनेजरचा चेहरा उतरला. "पथक आधी व्हेसलकडे वळवा, मग मला काय हवं ते विचारा!"

ग्रीकाने माझ्याकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि रेडिओ तोंडाशी नेला. पथक वळलं. मग आम्ही नुसते उभे. भोंगा चालूच होता. ऊन डोक्यावर, वारा शेजारच्या युनिटकडून आमच्याकडे वाहत होता. मी कलमा पुटपुटत होतो आणि मधूनमधून चाचांना शिव्या देत होतो, एकाच दमात.

पथकाने त्यांना आणलं ते दोन्ही बाजूंनी धरून. ते वरच्या एका जाळीवर पडून बोल्ट आवळत होते, म्हणून खालून उजेड दिसला नाही. कानात बोळे, तोंडाला मास्क. भोंगा त्यांना ऐकूच गेला नव्हता. गॅस त्या व्हेसलपर्यंत पोचला नव्हता हे नशीब. मास्क काढल्या काढल्या ते माझ्यावर खेकसले, "कशाला वडून काडलाव? माजा पाना आतच ऱ्हायला!"

मला रडू आलं. भर उन्हात, सगळ्यांसमोर. मी घाम पुसल्यासारखं केलं, पण ते रडूच होतं.

जीव वाचला की माणसं गुन्हेगार शोधायला मोकळी होतात. दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. पोर्टा केबिनमधलं एक टेबल, एका बाजूला ग्रीक आणि आमचे मॅनेजर, दुसऱ्या बाजूला चाचा, आणि टोकाला मी, दुभाष्या म्हणून. अहवालाचा मसुदा मॅनेजरनी आधीच टाइप करून आणला होता. त्यात लिहिलं होतं: सर्व कामगारांना सूचना देण्यात आली होती. सदर कामगाराने ती जाणूनबुजून पाळली नाही. खाली शिफारस होती, कामावरून काढून मायदेशी रवानगी. आमच्या भाषेत, एक्झिट. कागदावर तो शेरा बसला की पुन्हा या देशात पाय ठेवायचा नाही. चाचांना पुन्हा यायचं नव्हतंच. पण हयातभर काम करून शेवटी कोणीतरी विमानापर्यंत नेऊन सोडणार, नियम मोडला म्हणून हाकललेला माणूस म्हणून ते गावच्या बसमधून उतरणार, याने त्यांचा चेहरा एका रात्रीत ओढल्यासारखा झाला होता.

मॅनेजरनी हिंदीत विचारलं, "चाचा, सुबह मीटिंग में रूल बताया था ना?"

"हां साब."

"समझ में आया था?"

"हां साब."

मी डोळे मिटून घेतले. साहेबाने काही विचारलं की आमची माणसं आधी 'हां साब' म्हणतात आणि प्रश्न काय होता ते नंतर शेजाऱ्याला विचारतात. त्यात अदब असते, अब्रू असते, आणि बऱ्याचदा त्यात माणूस फुकट मरतो. मॅनेजरनी ग्रीकाकडे पाहून हात पसरले. खलास.

"मला विचारू द्या," मी म्हणालो. ग्रीकाने मान हलवली. मी चाचांकडे वळून आपल्या बोलीत विचारलं, "चाचा, साहेब सकाळी काय बोलले, त्यातला तुम्हाला काय काय समजला? खरा सांगा. हां साब नको."

चाचा टेबलाकडे बघत म्हणाले, "'गोइंग' बोलाचा, येवडा समजला. बाकी तो लय बोलला, मना काय ठावक. मी नाय बोललो. भायेर पडताना 'जातो' कोन बोलतो? तू बोलशील?"

मी हे शब्दशः इंग्रजीत सांगितलं. आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, म्हटलं तर माणूस परत येत नाही अशी भीती असते, हेही सांगितलं. सांगताना मला दिसत होतं की मी त्यांना आणखी खोल ढकलतोय. मॅनेजर हसलेच. "मतलब जान बूझ के. अंधविश्वास के लिए." ग्रीक हसला नाही. तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

"तो शब्द कशासाठी बोलायचा, ते कळलं होतं?" मी चाचांना विचारलं.

"हजेरीसाठी आसंल."

"हजेरीसाठी नव्हे. कंट्रोल रूममध्ये बोर्ड आहे. तुमचा आवाज आला तरच तुम्ही आत आहात असं ते धरतात. नाही आला तर व्हेसल रिकामं."

चाचांनी मान वर केली. ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, हे त्या खोलीतल्या कोणालाही दिसलं असतं. "मंग असा सांगाचा ना," ते हळू म्हणाले. "मी 'आत हाय' बोललो असतो. 'आत हाय' बोलाला माजा काय जाता?"

मी तेही इंग्रजीत सांगितलं. मॅनेजर मसुदा ग्रीकाच्या पुढ्यात सरकवून म्हणाले, की सूचना दिली होती हे खरं, त्याने पाळली नाही हेही खरं, सही करा म्हणजे पुढचं बघता येईल. आणि दोन्ही खरंच होतं. तीच तर चीड होती.

"यात एक शब्द राहिलाय," मी म्हणालो.

"कुठला?" ग्रीकाने विचारलं.

"तुमचाच. रोमाइस्ती."

त्याच्या भुवया वर गेल्या आणि तशाच राहिल्या. मॅनेजर आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघू लागले. "सूचना देण्यात आली, एवढं लिहून पुरत नाही," मी म्हणालो. "कुठल्या भाषेत देण्यात आली ते लिहा. तो एक शब्द घाला आणि मग खुशाल सही करा."

त्या शब्दाची किंमत मला ठाऊक होती आणि ग्रीकाला माझ्याहून जास्त ठाऊक होती. कंत्राटात कलम होतं, सूचना कामगाराला कळेल अशा भाषेत द्यायची. 'फक्त इंग्रजीत' असं अहवालात आलं की दोष फिटरवरून उठून सभा घेणाऱ्यावर बसणार. सभा त्याने घेतली होती. मॅनेजरनी भाषांतर थांबवलं होतं खरं, पण समोर उभा तो होता, आणि असल्या कामात सल्लागाराला दुसरी संधी देत नाहीत.

"हे माझ्या नावावर येईल," तो मला म्हणाला. मॅनेजरला नव्हे, मला.

"हो," मी म्हणालो.

इतक्यात दुपारची अजान झाली. बाहेर काम थांबलं. ग्रीक म्हणाला, "नमाजनंतर बघू," आणि मसुदा घेऊन आपल्या केबिनमध्ये गेला. मी आणि चाचा मशिदीत शेजारी शेजारी उभे राहिलो. माझं लक्ष नमाजात नव्हतं, अल्ला माफ करो. मला त्या माणसाचं वाईट वाटत होतं. त्याने मला कॉफी पाजली होती, एक शब्द दिला होता, आणि मी तोच त्याच्या मानेवर ठेवला होता. नमाज संपवून सलाम फिरवल्यावर चाचांनी हळूच विचारलं, "तू त्याला काय बोललास? तो येवडा पांढरा का पडला?"

"नंतर सांगतो."

"माज्यापायी कोनाचा वाईट नको करूस."

मी त्यांच्यावर भडकलो. मशिदीच्या पायरीवर, बूट घालता घालता. "मग 'हां साब' करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? 'गोइंग' म्हणायला जीभ झडत होती?" बुटाची नाडी त्यांना बांधता येत नव्हती. मी खाली बसून बांधली.

आम्ही परत आलो तेव्हा टेबलावर नवीन छापलेला कागद होता. 'सूचना देण्यात आली' यानंतर दोन शब्द वाढले होते, 'फक्त इंग्रजीत'. 'जाणूनबुजून' गेलं होतं. शिफारशीत एक्झिटच्या जागी लेखी ताकीद आणि काही दिवस कामाबाहेर, एवढंच. खाली ग्रीकाची सही होती, शाई अजून ओली. मॅनेजर दाराबाहेर कोणाशी तरी फोनवर तावातावाने बोलत होते. ग्रीक खिडकीशी पाठ करून उभा होता. मी थँक्यू म्हणालो. तो वळला नाही.

महिना संपायच्या आत त्याला परत बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी तो गेटवर आला, हात मिळवला. "बरं, मी जातो," म्हणाला, आणि गाडीत बसला.

नियमाचं पुढे काय झालं, तर तो सहा भाषांत छापून जागोजागी चिकटवला गेला. कारणांसकट. मराठीतला मी लिहून दिला. पण रेडिओवर म्हणायचे शब्द तेच राहिले. रेडिओची भाषा एकच हवी, ऑपरेटरला सहा भाषा कशा कळणार, हेही बरोबरच होतं. म्हणजे चाचा कामावर परत आले त्या सकाळी ते मॅनहोल आणि तो शब्द दोन्ही त्यांची वाट बघत होते. 'आत हाय' चालणार नव्हतं.

मी त्यांना आधीच गाठलं. "नको असेल तर सांगा. बाहेरचं काम देतो. इकामा संपेपर्यंत निभावून जाईल."

"तो ग्रीक गेला म्हनं?"

"गेला."

"माज्यापायी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणालो.

"निगताना काय बोलला?"

"'जातो' म्हणाला. इंग्रजीत."

चाचांनी जिभेने च्यक केलं. "असा बोलाचा नाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि हेल्मेट उचलून व्हेसलकडे चालू लागले.

मी कंट्रोल रूममध्ये गेलो. तिथला ऑपरेटर सौदी, तिशीच्या आतला, शून्य सांगितलं होतं तो हाच. त्या दिवसापासून तो माझ्याशी फार अदबीने बोलायचा. त्याच्या मागे पांढरा बोर्ड, आमच्या व्हेसलच्या पुढे शून्य. मी उभाच राहिलो. रेडिओवर बाकीच्यांचे आवाज येत होते, जात होते. आमच्या व्हेसलकडून काही नाही. ते परत फिरले असतील तर बरं, असं एका मनाला वाटत होतं. हा माणूस आज पुन्हा न बोलता आत शिरला तर मी काय करीन, असं दुसऱ्याला. मी खिशातल्या खिशात तसबीहचे मणी ओढत होतो.

रेडिओ खरखरला. कोणीतरी बटण दाबून धरलं होतं आणि बोलत नव्हतं. नुसता श्वास. मग चाचांचा आवाज आला, आधी नाव, मग एकेक शब्द सुटा.

"गोइंग. इन."

त्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. ऑपरेटर 'कॉपी' म्हणायला पुढे वाकला, पण त्याच्या आधी मीच माइक ओढून घेतला.

"या, चाचा," मी म्हणालो. "सांभाळून या."

"येताव," रेडिओवरून आलं, आणि बटण सुटलं.

ऑपरेटर माझ्याकडे बघत होता. "हे काय बोललास?"

"मराठीत बोललो."

उठून त्याने बोर्डावरचं शून्य पुसलं, तिथे एक लिहिला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग तो एक पुसायची वाट बघत आम्ही दोघं बसलो.